तोरू दत्त : वेचलेला सरवा

एकोणिसाव्या शतकात बंगालमधील ज्या सुशिक्षित घराण्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांत कलकत्त्याच्या रामबागानमधील दत्त घराणे नामांकित होते. ४ मार्च १८५६ रोजी या घराण्यात तोरूचा जन्म झाला. वडील गोविनचंद्र, आई क्षेत्रमणी आणि मुले यांचा १८६२ मध्ये बाप्तिस्मा झाला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. धर्म बदलला की माणूस आपल्या मातीला पारखा होतो, असा समज त्या काळी रूढ होता; आजही तो पुरता मावळलेला नाही. तोरूचे अल्प आयुष्य हे त्या समजाला मिळालेले शांत उत्तर आहे.

मृत्यूने या घराचा उंबरठा लवकर ओलांडला. १८६५ साली तिचा एकुलता भाऊ अबजू वारला. १८६९ मध्ये उरलेल्या दोन मुलींना घेऊन आईवडील युरोपला गेले. फ्रान्समधील नीस येथे अरू व तोरू काही महिने शाळेत होत्या. तेथे फ्रेंच भाषेशी तोरूचे जे नाते जडले, ते अखेरपर्यंत टिकले. पुढे केंब्रिजमध्ये स्त्रियांसाठी होणाऱ्या व्याख्यानांना दोघी जात. मेरी मार्टिन ही जिवलग मैत्रीण तोरूला तेथेच लाभली. १८७३ मध्ये कुटुंब मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी अरूला क्षयाने नेले.

बहिणीच्या वियोगातही तोरूची लेखणी थांबली नाही. फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचा तिचा संग्रह १८७६ साली भवानीपूर येथे छापला गेला. त्यात अरूने केलेले आठ अनुवादही तिने समाविष्ट केले. फ्रान्सच्या शेतांत वेचलेली पेंढी, असा त्याच्या नावाचा अर्थ. बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी रूथ आपल्याला येथे सहज आठवते. सामान्य कागदावरचे, प्रस्तावनाही नसलेले ते पुस्तक लंडनमध्ये समीक्षक एडमंड गॉस यांच्या हाती आले. आरंभी त्यांना त्याकडून काहीच अपेक्षा नव्हती. वाचल्यावर मात्र ते थक्क झाले आणि त्यांनी त्याचे मनापासून स्वागत केले.

परक्या शेतातील सरवा वेचून झाल्यावर तोरू आपल्या शेताकडे वळली. वडिलांसमवेत तिने संस्कृतचा अभ्यास आरंभला. प्रकृती ढासळू लागली होती, तरी सावित्री, ध्रुव, प्रल्हाद, श्रावणबाळ आणि एकलव्य यांच्या कथा तिने इंग्रजी काव्यात आणल्या. प्रभू येशूवरील तिच्या श्रद्धेला या कथांचे भय वाटले नाही. पतीसाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री आणि गुरूला अंगठा देणारा एकलव्य यांच्यातील निष्ठा तिला आपली वाटली.

३० ऑगस्ट १८७७ रोजी क्षयानेच तिचे निधन झाले. वय अवघे एकवीस वर्षे. तिसरे अपत्यही गमावलेल्या पित्याने तिच्या मागे राहिलेले लेखन जपले. तिने लिहिलेली एक फ्रेंच कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली, तर पौराणिक कथांचा काव्यसंग्रह १८८२ मध्ये गॉस यांच्या प्रस्तावनेसह लंडनला निघाला.

या संग्रहात 'सीता' नावाची एक छोटी कविता आहे. अंधाऱ्या खोलीत तीन मुले आईजवळ बसली आहेत, आई सीतेच्या वनवासाचे गीत गात आहे आणि मुलांचे डोळे भरून आले आहेत. ती तिघे पुन्हा आईपाशी कधी एकत्र येतील, असा प्रश्न शेवटी येतो. ही तीन मुले म्हणजे अबजू, अरू आणि तोरूच, असे वाटल्यावाचून राहत नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकाला या वाटेचे नवल वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्या परदेशी धर्मगुरूने येशूचे चरित्र सांगण्यासाठी आपली भाषा आणि आपली ओवी जवळ केली. तोरू तर याच भूमीची लेक होती. आईच्या तोंडून ऐकलेल्या कथा आणि आईवडिलांबरोबर स्वीकारलेली श्रद्धा, दोन्ही तिने एकाच अंतःकरणात सांभाळल्या. आपल्या मुलांना धर्मशिक्षण देताना आजीच्या ओव्या आणि आपली बोलीही त्यांच्या कानांवर पडत राहो. तोरूचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.