समूहसंगीत आणि मानसिक आरोग्याचे आधारगट

मानसिक आजार स्वतः भोगलेल्या माणसांनी एकमेकांना दिलेला आधार आणि सर्वांना खुले असलेले सामूहिक गायन-वादन यांची सांगड घालणारे उपक्रम. संगीतोपचाराहून हे उपक्रम वेगळे मानले जातात. संगीतोपचारात प्रशिक्षित उपचारक असतो, रुग्णाची नोंद आणि ठरलेले उद्दिष्ट असते. येथे येणारा मात्र गायक किंवा वादक म्हणून येतो आणि बहुधा त्याला निदान विचारले जात नाही. व्यवहारात ही सीमारेषा पुसट आहे. मर्सिडीज पाव्हलिचेविच व गॅरी ॲन्सडेल यांनी संपादित केलेल्या ग्रंथामुळे (२००४) ‘सामुदायिक संगीतोपचार’ ही मधली संज्ञा प्रचारात आली. या उपक्रमांना तिच्यात धरावे की नाही, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

संज्ञा : मराठीत ‘आधारगट’ आणि ‘स्वमदत गट’ हे दोन्ही शब्द चालतात. पुण्या-ठाण्याकडील गटांत आजार असलेल्या व्यक्तीस ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्या नातलगास ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द नेमके आणि माणसाचा मान राखणारे असल्याने त्यांतील ‘शुभार्थी’ हा प्रस्तुत नोंदीतही वापरला आहे.

पूर्वपीठिका : मनोरुग्णालयात संगीत पूर्वीपासून होते, ते कोण वाजवीत असे, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. इंग्लंडमधील वूस्टरजवळच्या पॉविक येथील मनोरुग्णालयात १८७९ ते १८८४ या काळात एडवर्ड एल्गर हा पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार वाद्यवृंदाचा प्रमुख होता. रुग्णांच्या नृत्यासाठी त्याने तेथे पोल्का आणि क्वाड्रिल या प्रकारांतील रचना केल्या. वाजवणारे रुग्णालयाचे सेवक, नाचणारे रुग्ण, अशी वाटणी होती. काळाच्या मानाने ती व्यवस्था उदार होती, पण तेथे रुग्णाच्या हाती वाद्य आले नाही. ते येण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

आधारगटांची परंपरा वेगळ्या वाटेने आली. व्यसनमुक्तीसाठीचे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे सुरू झाले. मनोरुग्णालयात राहून आलेल्या ज्युडी चेंबरलिन यांचे, रुग्णांनी स्वतः चालवलेल्या आधाराची बाजू मांडणारे ‘ऑन अवर ओन’ हे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समध्ये १९८७ च्या सुमारास कानात आवाज ऐकू येणाऱ्यांची चळवळ उभी राहिली.

मी-टू ऑर्केस्ट्रा : या क्षेत्रातील तपशीलवार माहिती उपलब्ध असलेला उपक्रम. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे २०११ मध्ये रोनाल्ड ब्राउनस्टीन आणि कॅरोलाइन व्हिडन यांनी तो स्थापन केला. ब्राउनस्टीन हे जूलियार्ड या संगीतसंस्थेचे पदवीधर. १९७९ मध्ये बर्लिन येथील हर्बर्ट फॉन कारायान वाद्यवृंद-संचालन स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. हे पदक मिळवणारे ते पहिले अमेरिकी होत. पुढे त्यांनी युरोप, अमेरिका व जपानमधील नामवंत वाद्यवृंदांचे संचालन केले. १९८५ मध्ये त्यांना द्विध्रुवीय विकाराचे (बायपोलर) निदान झाले. आजार उघड झाल्यावर काम हातचे जाण्याचा अनुभव त्यांना आला आणि त्यातूनच या वाद्यवृंदाची कल्पना निघाली. व्हिडन या फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्या. चिंताविकार आणि नैराश्य यांचा त्यांना स्वतःला अनुभव होता. पुढे दोघांनी विवाह केला.

‘मलाही आहे’ असे एकाने दुसऱ्याला सांगणे, हा या नावाचा अर्थ. २०१७ मध्ये जगभर गाजलेल्या त्याच शब्दांच्या चळवळीशी त्याचा संबंध नाही.

वाद्यवृंदात प्रवेशासाठी चाचणी नाही, शुल्क नाही. साधारण निम्मे वादक मानसिक आजारासह जगणारे आणि बाकीचे त्यांना साथ देणारे, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते. मात्र कोण कोणत्या निम्म्यातला, हे कोणी कोणाला विचारत नाही. पुष्कळ वर्षांनी व्हायोलिन हाती घेतलेला हौशी वादक व्यावसायिक वादकाशेजारी बसतो. आजारपणामुळे एखाद्याच्या तालमी चुकल्या तर त्याची खुर्ची जात नाही. वाद्यवृंदाच्या शिस्तीत वाढलेल्या कोणालाही ही सवलत फार मोठी वाटेल, कारण अन्यत्र दोन तालमी चुकल्या की जागा गेलीच म्हणून समजावे. वादनाची पातळी मात्र गौण मानलेली नाही. अभिजात पाश्चात्त्य संगीतातील पूर्ण रचना बसवल्या जातात.

संगीतसभेची मांडणी हा या उपक्रमाचा गाभा होय. दोन रचनांच्या मधे एखादा वादक उठून उभा राहतो आणि आपल्या आजाराविषयी काही मिनिटे बोलतो. मग खाली बसून पुढची रचना वाजवतो. ऐकणाऱ्याने नुकतेच त्याचे वादन ऐकलेले असते. त्यामुळे निदानाचे नाव कानी पडण्याआधी तो माणूस वादक म्हणून ओळखीचा झालेला असतो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते या क्षेत्रात सर्वांत जास्त अनुकरणीय असे काही असेल, तर हा क्रम. रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे आणि तुरुंग येथेही असे कार्यक्रम झाले आहेत. २०१४ मध्ये बॉस्टन येथे दुसरा वाद्यवृंद सुरू झाला. मार्जी फ्रीडमन व बार्बरा मल्टर-वेलिन यांनी ‘ऑर्केस्ट्रेटिंग चेंज’ हा अनुबोधपट या वाद्यवृंदावर केला आहे.

सिंग युअर हार्ट आउट : इंग्लंडमधील नॉर्फक परगण्यातील साप्ताहिक गायनवर्ग. नॉर्विच येथील हेल्सडन मनोरुग्णालयात आरंभ. नंतर रुग्णालयाबाहेर, सर्वांसाठी खुले. बर्लिंग्टनच्या वाद्यवृंदाशी याची तुलना उद्बोधक आहे, कारण येथे सभा, रंगमंच आणि भाषण यांना महत्त्व नाही. गाणी सोपी, कानांनी ऐकून उचलायची. शुभार्थी कोण, कर्मचारी कोण आणि शेजारच्या गल्लीतून आलेला कोण, हे कळू नये अशीच योजना. टॉम शेक्सपियर व ॲलिस व्हिल्डन यांनी केलेला या वर्गांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गाण्याचा आनंद आणि माणसांचा सहवास या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याने गुण येतो, वर्गानंतरही काही काळ बरे वाटत राहते आणि आठवड्याला एक आकार येतो, असे सहभागी व्यक्तींच्या सांगण्यावरून त्यांनी नोंदवले.

ब्राझील : मानसिक आरोग्यसेवेचा भर मनोरुग्णालयांवरून समाजातील सेवांकडे वळवणारा कायदा २००१ मध्ये झाला. त्याच वर्षी रिओ दि जानेरोतील एंजेन्यो दि देंत्रो या उपनगरात, नीझे दा सिल्व्हेइरा या मानसिक आरोग्य संस्थेतून ‘लोकुरा सुबुर्बाना’ ही कार्निव्हल मिरवणूक निघू लागली. तीत शुभार्थी, कर्मचारी आणि रहिवासी एकत्र नाचतात, वाजवतात.

ऑस्ट्रेलिया : मेलबर्न येथे २००६ मध्ये जोनथन वेल्च यांनी बेघर व वंचितांचा गायनवृंद उभा केला.

परिणामांचा अभ्यास : पुरावा आशादायक पण विस्कळीत आहे. डेझी फॅनकोर्ट व रोझी पर्किन्स यांनी प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असलेल्या १३४ स्त्रियांची तीन गटांत विभागणी केली : समूहगायन, सर्जनशील खेळ आणि नेहमीची सेवा. १० आठवड्यांच्या या प्रयोगात मध्यम ते तीव्र लक्षणे असलेल्या स्त्रियांना गायनगटात लवकर उतार पडला (२०१८). ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर प्रभृतींनी प्रौढांच्या नव्या वर्गांची सात महिने पाहणी केली (२०१५). गाणाऱ्यांची एकमेकांशी जवळीक चटकन झाली. मात्र अखेरीस हस्तकला व लेखन यांच्या वर्गांतही तेवढीच जवळीक दिसली. म्हणजे गाण्याने ओळखीचा पहिला अवघड टप्पा सोपा होतो. अनोळखी माणसांत जाण्याचीच धास्ती असलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. संगीतोपचारात प्रशिक्षित उपचारक व ठरलेले उद्दिष्ट असल्याने त्याच्या संशोधनातील निष्कर्ष जसेच्या तसे या उपक्रमांना लावणे योग्य ठरत नाही.

महाराष्ट्र : येथे आधारगटांची परंपरा भक्कम आहे. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले धुळ्याचे जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या दीर्घ आजाराच्या अनुभवातून पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली. ‘देवराई’ (२००४) हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट स्किझोफ्रेनियाविषयीचा होय. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनातून बाहेर आलेल्यांनी नव्यांना हात देण्याची पद्धत रुजली. त्याचे एक संस्थापक अनिल अवचट हे बासरी वाजवीत आणि गात.

संगीताच्या बाजूने गावोगावचे भजनी मंडळ हा तयार साचा आहे. तेथेही प्रवेशाला परीक्षा नाही. चाल न येणाऱ्याने मागे धरायचे, आवाज न लागणाऱ्याने टाळ घ्यायचा. बेसूर गळा टाळांच्या नादात झाकला जातो आणि बसायला जागा सगळ्यांना मिळते. अनेक कुटुंबांतील ‘थोडे वेगळे’ मानलेले माणूस आठवड्यातून एकदा सन्मानाने बसते ते याच सतरंजीवर. परंतु आजाराविषयी तेथे बोलले जात नाही आणि आधारगटात गायले जात असले तरी ते बहुधा स्नेहसंमेलनापुरते राहते. दोन अभंगांच्या मधे एखाद्या टाळकऱ्याने उठून आपली गोष्ट सांगावी आणि पुन्हा टाळ हाती घ्यावा, एवढीच भर पडायची आहे. भजनी मंडळे आणि आधारगट चालवणाऱ्यांनी ती घालून पाहावी.

मर्यादा : समूहसंगीत हे औषधाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची जागा घेत नाही. गटातील अनुभवी व्यक्तीवर इतरांच्या दुःखाचा भार पडतो. तिलाही विश्रांती व मार्गदर्शन लागते. आपली गोष्ट सर्वांपुढे सांगण्याची सक्ती कोणावरही असता कामा नये. आत्महत्येचे विचार किंवा तीव्र अस्वस्थता असल्यास पुढच्या तालमीची वाट न पाहता त्वरित मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते.