परळचे के.ई.एम. : एका अटीतून उभे राहिलेले रुग्णालय (थ्रेड)

१/ इंग्लंडच्या राजाचे नाव, आणि आत एकही इंग्रज डॉक्टर नाही. १९२६ मध्ये परळला सुरू झालेल्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाचा हा विरोधाभास अपघाताने घडलेला नव्हता.

२/ मुंबईत पाश्चात्य वैद्यकाचे शिक्षण १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळत होते. भाऊ दाजी लाड १८५१ मध्ये तेथूनच पदवीधर झाले. मात्र पुढची पाऊणशे वर्षे महाविद्यालयातील प्राध्यापकपदे आणि जे.जे. रुग्णालयातील वरिष्ठ जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडेच राहिल्या. ही मूलतः लष्करी सेवा, आणि तिची प्रवेशपरीक्षा दीर्घकाळ लंडनला होत असे. विलायतेत शिकून आलेल्या हिंदी डॉक्टरलाही स्वतःच्या शहरात शिकवायची खुर्ची मिळणे दुरापास्त होते.

३/ शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देऊ केली ती या पार्श्वभूमीवर. सोबत अट होती : अध्यापकवर्ग सरकारी सेवेत नसलेल्या, पात्र हिंदी डॉक्टरांचाच असावा. देणगीदारांच्या अटी बहुधा नावाच्या पाटीपुरत्या असतात. या अटीने सत्तेच्या मक्तेदारीवरच बोट ठेवले.

४/ पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता. लंडनचे एम.डी., गांधीजींचे निकटवर्ती, १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. त्यांच्या हाताखाली हिंदी डॉक्टरांची एक अख्खी पिढी घडली. यांतील अनेक जण मानद होते : सकाळी वॉर्डात फेरी आणि अध्यापन, सायंकाळी स्वतःचा दवाखाना.

५/ शहरात हा एकच प्रयत्न नव्हता. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये निघालेले राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय आज नायर रुग्णालयाशी जोडलेले आहे. शीवचे रुग्णालय १९४७ मध्ये लष्करी बराकींत ५० खाटांवर सुरू झाले. तिन्ही आज महापालिकेकडे आहेत.

६/ रुग्णालयाच्या चहूबाजूंना गिरणगाव होते. कापसाच्या तंतूंनी छाती भरलेला कामगार, यंत्रात बोटे गमावलेला जॉबर, चाळीतली बाळंतीण, सर्वांची वाट परळकडे. गावाकडचे आजारीही मग गिरणीतल्या नातेवाइकाच्या खोलीवर उतरून याच दारात येऊ लागले. शहराच्या करांवर चालणाऱ्या रुग्णालयाने शहराबाहेरच्यांना किती सामावून घ्यावे, हा वाद त्यातूनच उद्भवतो. व्यवहारात तो केसपेपरच्या खिडकीपाशी मिटतो : रांगेत उभा असलेला प्रत्येक जण रुग्ण.

७/ ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून देशातील पहिले शास्त्रीय नोंदी असलेले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेही याच महापालिकेच्या रुग्णालयात. असे उपचार केवळ श्रीमंतांच्या खाजगी दवाखान्यांतच होतात, असे मानणाऱ्यांनी ही नोंद अवश्य ध्यानी घ्यावी.

८/ राजा एडवर्डचे काय झाले? परळच्या बसथांब्यावर विचारून पाहावे. ‘केईएम’ कुठे आहे हे कोणीही सांगेल. त्या अक्षरांत एक राजा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.