‘अशक्तपणा’ नावाचे दुखणे : स्त्रीमनाचा शोध घेणाऱ्यांचा इतिहास

बुद्धीची देवता घरोघरी विराजमान झाली आहे. मंडळाच्या स्मरणिकेत आपण दरवर्षी राजेरजवाडे, मंदिरे, जत्रा, गावोगावचे थोर पुरुष यांचा इतिहास वाचतो. यंदा आम्ही थोडा वेगळा इतिहास वाचकांपुढे ठेवत आहोत. तो फार जुना नाही, जेमतेम पस्तीस-चाळीस वर्षांचा आहे. त्यात लढाई नाही. पण तो आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातून जातो.

सुरुवात घरापासूनच करतो. आमची मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी, वारली तेव्हा तिच्या पेटीत एक कापडी पिशवी सापडली. आमची नोकरी सरकारी, कागदांची सवय. म्हणून त्या पिशवीतले कागद आम्ही तारखेप्रमाणे लावले. बारा वर्षांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर तेच : अशक्तपणा, हातपाय गळणे, डोके दुखणे, झोप नाही. आणि खाली तेच : ताकदीची बाटली, लोहाच्या गोळ्या, सलाईन. “जीव घाबरते रे बाबू, अंगात त्राणच नाही,” असे ती म्हणायची आणि आम्ही तिला मोटारसायकलवर बसवून न्यायचो. बाहेर बाकावर बसून राहायचो. बारा वर्षांत एकाही चिठ्ठीवर ‘घरी कसे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नव्हते, कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. आम्हीही विचारला नव्हता.

हा प्रश्न प्रथम शास्त्रीय पद्धतीने कोणी विचारला, हे शोधता शोधता जे वाचनात आले तेच येथे सांगत आहोत. आम्ही वैद्यक शिकलेले नाही, पदविका घेतलेले साधे कर्मचारी आहोत. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला सौंसर-पांढुर्ण्याचा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्यामुळे आपल्याकडे मनाचा आजार म्हटले की दोनच जागा डोळ्यांसमोर येत : एक नागपूरचे ते मोठे कुंपण आणि दुसरी जामसावळीच्या मारुतीचा पार. पहिलीची भीती वाटे, दुसरीवर श्रद्धा होती. आजही जामसावळीला दुरून दुरून माणसे आपल्या दुखावलेल्या माणसाला घेऊन येतात, राहतात, सेवा करतात. त्या श्रद्धेची आम्ही थट्टा करणार नाही. पण या दोन्ही जागी पोचते ते हाताबाहेर गेलेले दुखणे. जी बाई रोज भाकरी थापते, कापूस वेचायला जाते, हसून पाहुण्यांना चहा देते आणि रात्रभर छताकडे पाहत राहते, तिच्यासाठी या दोहोंच्या मध्ये काही नव्हते. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, तरी त्या बाईपर्यंत तो पोचायला फार वेळ लागला.

स्त्रियांचे ऐकून घेण्याचे एक मोठे पाऊल आपल्या शेजारी विदर्भातच पडले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्यांपैकी फारच थोड्या जणींची यापूर्वी कधी तपासणी झाली होती. जगभर त्याची चर्चा झाली. ज्या गोष्टी बाया फक्त एकमेकींत कुजबुजत, त्या प्रथमच आकड्यांत मांडल्या गेल्या. पुढे डॉ. राणीताईंच्या पुस्तकाचे नाव ‘कानोसा’ असे ठेवले गेले, ते किती योग्य! मात्र हा कानोसा शरीराच्या दुखण्याचा होता. मनाचे दार अजून उघडायचे होते.

ते दार गोव्यात उघडले. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल झिम्बाब्वेत काम करून भारतात परतले. १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था उभी केली. झिम्बाब्वेत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. तिथली माणसे ‘डिप्रेशन’ हा शब्द वापरत नसत, पण ‘फार विचार करणे’ अशा अर्थाचा त्यांचा स्वतःचा एक शब्द होता. दुखणे तेच, नाव वेगळे. आपल्याकडच्या बायांकडे तर त्यासाठी कितीतरी शब्द आहेत : टेन्शन, घोर, जिवाला घोर, अशक्तपणा.

गोव्यातला पहिला महत्त्वाचा अभ्यास बाळंतिणींचा. डॉ. पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि बालविकासतज्ज्ञ डॉ. नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवती स्त्रियांची माहिती घेतली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा भेटत राहिले. अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसले. त्यांतल्या बहुतेकींच्या मनाची अवस्था गरोदरपणातच बिघडलेली होती आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. कारणे काय? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, आणि मुलाची वाट पाहणाऱ्या घरात मुलगी होणे. वाचकहो, ही कारणे वाचून आपल्यापैकी कोणाला नवल वाटले असेल असे आम्हाला वाटत नाही. नवल याचे की, तोपर्यंत हे फारसे कोणी मोजले नव्हते.

मग आले ‘स्त्री आरोग्य शोध’. नावही साधे आणि आपल्या भाषेतले. हळदोणे या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातील कुटुंब नोंदवह्यांतून १८ ते ५० वर्षांच्या ३००० स्त्रिया चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडल्या. त्यांतील २४९४ जणी सहभागी झाल्या. हे काम २००१ च्या नोव्हेंबरपासून २००३ पर्यंत चालले. डॉ. पटेल यांच्यासोबत लंडनच्या संख्याशास्त्रज्ञ बेटी कर्कवूड, गोव्याच्या डॉ. सुलोचना पेडणेकर आणि इतर तज्ज्ञ होते. या अभ्यासाचे मोठेपण असे की, एकाच स्त्रीचे रक्त तपासले, जंतुसंसर्ग तपासला आणि तिच्या घरची परिस्थिती व मनही विचारले. आजवर या तीन गोष्टी तीन वेगळ्या खिडक्यांवर होत्या. सरकारी कार्यालयात असते तशाच.

निष्कर्ष दोन. ते नीट वाचावेत.

पहिला : दर सातपैकी सुमारे एका स्त्रीने अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार सांगितली. या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी अधिक घट्ट निघाला. म्हणजे वर्षानुवर्षे ज्या तक्रारीवर केवळ जंतुनाशक गोळ्या दिल्या जात होत्या, तिच्या तळाशी पुष्कळदा दुसरेच काही होते.

दुसरा निष्कर्ष २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. १२.१ टक्के स्त्रियांना सहा महिने वा त्याहून अधिक काळ थकवा होता. सर्वसाधारण समजूत अशी की, थकवा म्हणजे रक्त कमी. पण सर्व गोष्टींचा एकत्र हिशेब मांडल्यावर हिमोग्लोबिनशी त्याचा स्पष्ट संबंध उरला नाही. संबंध उरला तो कर्जाशी, घरातल्या उपासमारीशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी आणि खचलेल्या मनाशी. हे वाचले त्या रात्री आम्ही मोठ्या आईची पिशवी पुन्हा उघडली.

येथे गैरसमज नको. रक्त तपासूच नये, लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. आपल्या भागात रक्तक्षय खरा आहे आणि पांढरे जाण्याची तपासणी झालीच पाहिजे. अर्थ इतकाच की, तपासणी रक्तापाशी थांबू नये.

याच सुमारास पुण्यात वेगळ्या वाटेने काम चालू होते. भार्गवी दावर यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि बापू ट्रस्ट सुरू केला. त्या मनोविकारतज्ज्ञ नव्हत्या. त्यांच्या आईला मनोरुग्णालयात राहावे लागले होते आणि ट्रस्टला नाव दिले ते आईचेच. कोंडून ठेवण्याला त्यांनी आयुष्यभर विरोध केला. महाराष्ट्रातील दर्ग्यांवर दुखावलेल्या माणसांना काय मिळते, याचाही त्यांनी अभ्यास केला. जामसावळीच्या पाराशी राहणाऱ्या आपणा लोकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न येतो उपचाराचा. दुखणे सापडले, पण मनोविकारतज्ज्ञ किती? आपल्या सौंसर-पांढुर्ण्यातल्या बाईला नागपूर गाठायचे तर एक दिवसाची मजुरी, बसभाडे, सोबतीला माणूस आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचे उत्तर, एवढे सगळे लागते. या तज्ज्ञांचा खरा पराक्रम आमच्या मते इथे आहे. त्यांनी आपली विद्या आपल्याजवळ ठेवली नाही.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळ डॉ. अतीफ रहमान यांनी गावच्या आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्यातल्या गर्भवतींना आधार देण्याचा प्रयोग केला. २००८ साली निष्कर्ष आले : बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी या गटातल्या २३ टक्के मातांना नैराश्य होते, तर नुसत्या साध्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. गोव्यात ‘मानस’, म्हणजे कोकणीत ‘मनशांती सुधार शोध’, हा प्रयोग २४ दवाखान्यांत झाला. समुपदेशन करणाऱ्या व्यक्ती डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती होत्या. २०१० साली दिसले की, सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. जिथे ही सोय नव्हती तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. पुढे सहा ते आठ भेटींचा एक छोटा उपचार तयार झाला. त्यात औषध नाही. बाईने सोडून दिलेली एकेक आवडती, उपयोगी गोष्ट पुन्हा सुरू करायची, अडचणी एकेक करून सोडवायच्या, एवढेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. हा उपचार न मिळालेल्यांत ३९ टक्के.

आणि ही वाट आपल्या दारापर्यंत आली. पांढुर्ण्याच्या सीमेला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, शेतकरी आत्महत्यांच्या त्या पट्ट्यात, ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम ३० गावांत चालला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडले की, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. तिकडे आपल्याच राज्यात सीहोर जिल्ह्यात ‘संगाथ’ने आशाताईंना हाच छोटा उपचार शिकवण्याचे काम हाती घेतले, तेही मोबाईलवरून. तीच आशाताई, जी आपल्या घरी लसीकरणाची आठवण द्यायला येते.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. तर २०१६ साली जगात आत्महत्येने मरण पावलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतीय होत्या, असे ‘लॅन्सेट’च्याच एका अभ्यासात २०१८ साली मांडले गेले. जगातल्या स्त्रियांत आपल्या स्त्रिया १८ टक्क्यांच्या आसपास. यावर अधिक काय लिहावे!

आपल्या आज्यांना जाते होते, जात्यावर मन मोकळे करता येत होते. विदर्भात भुलाबाई होती, आहे. गाण्यात सासर-माहेर सांगितले की कोणी रागावत नसे. जाते गेले, भुलाबाईही ओसरत चालली. ऐकणारे कमी झाले. तज्ज्ञांनी पंचवीस वर्षे आकडे गोळा करून जे सिद्ध केले ते हेच की, ऐकणे हे औषध आहे आणि ते शिकवता येते.

म्हणून मंडळाला आमची नम्र सूचना आहे. पांढुर्णा जिल्हा २०२३ साली झाला, कार्यालये आली, येत आहेत. पुढल्या वर्षी गणेशोत्सवातील एक दुपार फक्त महिलांसाठी ठेवावी. भाषण नको. आशाताईंना आणि एखाद्या समुपदेशकाला बोलवावे आणि त्यांनी फक्त ऐकावे. तोवर शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे, १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. पैसे लागत नाहीत, नावही सांगावे लागत नाही. हा क्रमांक देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

आणि तोही लिहिण्याआधी, आज आरती झाल्यावर घरातली जी बाई ‘काही नाही, जरा अशक्तपणा आहे’ असे म्हणेल, तिच्याजवळ बसावे आणि विचारावे. आम्हाला बारा वर्षे मिळाली होती. आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो.

गणपती बाप्पा मोरया!