दुसरं मत सिस्टरला

आज जाऊया १९१७ सालात. पहिलं महायुद्ध चालू होतं. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातून परदेशी गेलेल्या सैनिकांसाठी आणि नर्सेससाठी विधानसभेत २ जागा ठेवल्या होत्या. प्रत्येकाला २ मतं. उमेदवार २१, त्यात बाई एकच: रोबर्टा मॅकअ‍ॅडम्स.

ही लेफ्टनंट इंग्लंडमधल्या ऑर्पिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात जखमींच्या जेवणाचं बघायची. तिने पहिलं मत मागितलंच नाही! एक मत तुमच्या आवडत्या पुरुषाला द्या, दुसरं सिस्टरला, एवढंच म्हणाली. आणि निवडून आली.

१९१८ मध्ये तिने विधेयक मांडून मंजूरही करून घेतलं. ब्रिटिश साम्राज्यात हे करणारी ती पहिली बाई. विधेयक कुणासाठी? सैनिकांच्या घरच्यांच्या संघटनेसाठी. म्हणजे दुसऱ्या मताचं चीज झालं!