शिकारी धनुष्यबाण, भंडारा जिल्ह्यातील : बाणाचे वजन व वेग

धनुष्याने शिकार करणाऱ्याला साधनांची निवड करताना जो मूलभूत प्रश्न सोडवावा लागतो, तो बाण हलका व वेगवान असावा की जड व संथ असावा हा होय. एकाच धनुष्यावरून सोडलेले दोन बाण एकाच वेळी वेगात आणि वजनात सरस असू शकत नाहीत. एक वाढले की दुसरे घटते. वैनगंगेच्या खोऱ्यातील वनप्रदेशात, म्हणजे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या जुन्या भंडारा जिल्ह्यात, हा प्रश्न मुख्यतः गोंड व अन्य वनवासी जमातींच्या शिकाऱ्यांपुढे होता. गणिताचा आधार न घेता अनुभवाने त्याचे जे उत्तर मध्य भारतात रूढ झाले, ते यामिकीच्या नियमांशी बव्हंशी जुळते.

विदर्भात धनुष्यबाणाला ‘तिरकमठा’ असे म्हणतात. ‘कमठा’ म्हणजे धनुष्य. गोंडी भाषेतील ‘विल’ हा शब्द तमिळ ‘विल्’ या शब्दाचा सगोत्र असून तो द्राविडी भाषांत फार जुना आहे. या प्रदेशातील बाणाचा भौतिक पुरावाही प्राचीन आहे. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा व माहुरझरी येथील बृहदश्मयुगीन दफनांत लोखंडी शस्त्रे व अवजारे विपुल मिळाली असून त्यांत बाणाग्रेही आहेत. या उत्खननांत शां. भा. देव यांचा प्रमुख वाटा होता. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडल्याने ही बाणाग्रे आणण्यासाठी दूर जावे लागत नसावे, असे मानण्यास आधार मिळतो. बाणाच्या टोकाला दगडाऐवजी लोखंड आले, तेव्हाच वजनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. कारण फाळ किती जड ठेवावयाचा हे आता लोहाराच्या हाती आले.

शास्त्रग्रंथांत या प्रश्नाची चर्चा आहे, पण ती युद्धाच्या दृष्टीने. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी ताड, बांबू, लाकूड व शिंग यांची धनुष्ये, मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू इत्यादींच्या प्रत्यंचा आणि वेणू, शर, शलाका, नाराच इ. बाणांचे प्रकार सांगितले आहेत. बाणाग्रे छेदणारी, भेदणारी व आघात करणारी अशी तीन कामांची व त्यांसाठी लोखंड, हाड व लाकूड ही द्रव्ये सांगितली आहेत. नाराच हा संपूर्ण लोखंडी बाण, म्हणजे वजनाच्या बाजूचे टोक. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या अध्यायांत चार हात लांबीचे धनुष्य श्रेष्ठ, साडेतीन हातांचे मध्यम व तीन हातांचे कनिष्ठ मानले आहे. निआर्कसच्या आधारे ॲरियनने भारतीय पायदळाच्या पुरुषभर उंच धनुष्याचे वर्णन केले असून ते जमिनीवर टेकवून व डाव्या पायाचा आधार देऊन ओढीत, त्याचा बाण जवळजवळ तीन हात लांब असे आणि त्यापुढे ढाल वा चिलखत टिकत नसे, असे म्हटले आहे. हे वर्णन जड बाणाचेच आहे. मात्र जंगलातील शिकाऱ्याची गरज या ग्रंथकारांच्या विचारात फारशी नव्हती. सैन्यावर बाणांचा वर्षाव करताना एखादा चुकला तरी चालते. चितळावर सोडलेला बाण चुकला, तर त्या दिवसाची शिकार संपली.

साधनांची घडण : भंडारा जिल्ह्याच्या वनांत साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांबरोबर बांबू मुबलक आहे. येथील बांबूची जात (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) भरीव वा जवळजवळ भरीव असल्याने तिची उभी चिरलेली कांब धनुष्यास उत्तम ठरते. बांबूच्या बाहेरील सालीजवळील तंतू ताण सहन करतात, म्हणून साल धनुष्याच्या पाठीस, म्हणजे लक्ष्याच्या बाजूस ठेवण्याची पद्धत आहे. धामण या वृक्षाचे लाकूडही चिवट व लवचिक असते. संस्कृतात त्याला धनुर्वृक्ष हे नाव मिळाले, ते उगीच नव्हे. मध्य भारतातील गोंड, बैगा इ. जमातींच्या धनुष्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच सालीच्या पट्टीची असते. आतड्याच्या तातीप्रमाणे ती पावसात सैल पडत नाही, हा तिचा मोठा गुण. तथापि ती जाड असते, आणि दोरी जड असली की हलक्या बाणाचे नुकसान अधिक होते. याचे कारण पुढे दिले आहे.

बाणाची काडी बारीक बांबूची किंवा बोरूसारख्या गवताच्या कांडाची करतात. ती विस्तवावर शेकून सरळ करावी लागते. बुंध्याकडील जाड भाग फाळाच्या बाजूस ठेवल्यास वजन आपोआप पुढे येते व उड्डाण स्थिर होते. बांबू पावसाळ्यात कापला तर त्याला लवकर घुण लागते, म्हणून तो थंडीत कापणे इष्ट. ओलसर काडी सुकलेल्या काडीपेक्षा जड असते. एकाच भात्यातील बाण सारख्या वजनाचे नसतील तर कोणताही नेम दोनदा साधत नाही. पक्ष्यांसाठी लाकडी बोथट गड्ड्याचे बाण वापरतात. ते पिसे व मांस न फाडता पक्षी पाडतात आणि झाडाच्या फांदीत रुतून हरवत नाहीत.

वेग व वजन यांचे गणित : ताणलेल्या धनुष्यात साठलेली सर्व ऊर्जा बाणाला मिळत नाही. धनुष्याच्या बाहूंना व दोरीलाही गती द्यावी लागते व तेवढी ऊर्जा कंप, आवाज व उष्णता यांत जाते. अमेरिकन भौतिकीविज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी यासाठी ‘आभासी वस्तुमान’ ही संकल्पना मांडली. बाणाबरोबर जणू आणखी एक ठराविक वस्तुमान बाणाच्याच वेगाने फेकले जात आहे, असे समजून हिशेब केल्यास तो प्रत्यक्षाशी चांगला जुळतो. दोरीच्या वस्तुमानाचा सु. एक-तृतीयांश भाग या आभासी वस्तुमानात धरावा लागतो. म्हणून जाड दोरीचे व जड बाहूंचे धनुष्य हलक्या बाणाशी जमत नाही.

उदाहरणादाखल धनुष्यात ४० जूल ऊर्जा साठते व आभासी वस्तुमान ८ ग्रॅ. आहे असे समजू. १५ ग्रॅ. वजनाचा बाण सेकंदास सु. ५९ मी. वेगाने सुटेल, पण त्यास ४० पैकी केवळ २६ जूल मिळतील. उरलेले १४ जूल धनुष्यातच राहून हाताला झटका देतील. २५ ग्रॅ. बाणाचा वेग ४९ मी. व ऊर्जा ३० जूल, ४० ग्रॅ. बाणाचा वेग ४१ मी. व ऊर्जा ३३ जूल, ६० ग्रॅ. बाणाचा वेग ३४ मी. व ऊर्जा ३५ जूल. ऊर्जेतील वाढ उत्तरोत्तर नगण्य होत जाते. संवेग मात्र वाढतच राहतो : १५ ग्रॅ. बाणाचा ०.८९, तर ६० ग्रॅ. बाणाचा २.०६ किग्रॅ.-मी. प्रतिसेकंद, म्हणजे दुपटीहून अधिक. बाण कातडे, स्नायू व बरगड्या भेदून किती खोल जाईल हे केवळ ऊर्जेवर ठरत नाही. माध्यमाचा विरोध वेगाबरोबर वाढत असल्याने समान ऊर्जेचा जड बाण सामान्यतः अधिक खोल जातो. फाळाची धार बोथट असेल तर हा लाभ वाया जातो, ही गोष्ट वजनाच्या चर्चेत हटकून विसरली जाते. बाण बंदुकीच्या गोळीप्रमाणे आघाताने मारीत नाही, तो रक्तवाहिन्या कापून मारतो.

वेगाची बाजू अंतराच्या अंदाजाशी निगडित आहे. जनावर २० मी.वर आहे असे समजून नेम धरला आणि ते प्रत्यक्षात २५ मी.वर असले, तर हवेचा विरोध वगळता वरील १५ ग्रॅ. बाण सु. १८ सेंमी. खाली लागेल, २५ ग्रॅ. बाण २५ सेंमी., ४० ग्रॅ. बाण ३७ सेंमी. आणि ६० ग्रॅ. बाण ५२ सेंमी. खाली जाईल. चितळाच्या काळीज-फुप्फुसांचे लक्ष्य वीत-दीड वीतच असते. अर्थात या अंतरावर जड बाण पोटात, पायात किंवा जमिनीत लागणार. याउलट १० मी.चा अंदाज करून जनावर १२ मी.वर निघाले, तर हीच चूक ४० ग्रॅ. बाणाला ७ सेंमी. व ६० ग्रॅ. बाणालाही १० सेंमी.च पडते. जवळून मारणाऱ्याला जड बाणाचा तोटा जवळजवळ नाहीच. वेग वाढवून आवाजाच्या पुढे जाता येईल, ही समजूतही फोल आहे. २५ मी.वरील जनावराला दोरीचा आवाज एका सेकंदाच्या चौदाव्या हिश्श्यात ऐकू येतो, तर बाण पोहोचण्यास अर्धा सेकंद किंवा अधिक लागतो. बिचकलेले चितळ तेवढ्यात खाली दबून उसळी घेते. जड बाणामुळे धनुष्याचा आवाज कमी होतो, आणि हा फायदा पुष्कळदा काही मीटर वेगापेक्षा मोलाचा असतो.

काडीचा ताठपणा ही तिसरी बाब आहे. दोरी सुटताच बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून नागमोडी वाकत पुढे जातो. १९३० नंतरच्या शीघ्रगती छायाचित्रणाने हे स्पष्ट झाले. फाळ जड केला की काडी अधिक वाकते. तेव्हा केवळ मोठा फाळ बसवून बाण जड करता येत नाही, काडीही जाड घ्यावी लागते. भरीव बांबूची काडी येथे उपयोगी पडते.

पारध व भूप्रदेश : झाडीपट्टी या नावातच या प्रदेशाचे स्वरूप आले आहे. तुमसरकडील आंबागडच्या डोंगरांत किंवा साकोली-लाखनीकडील जंगलात बांबूच्या बेटांतून व झुडपांतून लांबवर दिसतच नाही. उन्हाळ्यात पाणवठ्याशी दडून बसणाऱ्याला जनावर हाताच्या अंतरावर येईपर्यंत थांबता येते. हाकाऱ्याच्या पारधीत ते पळत येते; तेथे वेगाचा थोडा उपयोग आहे, पण आडव्या फांद्यांना व पानांना लागून हलका बाण सहज भरकटतो. रानडुकराची गोष्ट निराळी. त्याच्या खांद्यावरील कातडे जाड व राठ असते, जखमी डुक्कर उलट अंगावर येते, आणि भाताच्या बांध्यांची नासाडी करणारे तेच असल्याने शेतकऱ्याला त्याच्याशीच अधिक गाठ पडे. येथे जड बाण आणि रुंद, धारदार फाळ यांना पर्याय नाही. अर्धवट रुतलेला बाण घेऊन पळालेले जनावर रात्री जंगलात मरते. मांस कोल्हे-तरसांना जाते, आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

तुलनेसाठी अरुणाचल प्रदेशातील मिश्मी व आदी जमातींचे उदाहरण उद्‌बोधक आहे. त्यांच्या बाणांना बचनागाचे विष लावण्याची परंपरा आहे. विष काम करीत असल्यामुळे खोल भेदनाची गरज राहत नाही व हलका बाण पुरतो. अमेरिकेत याही इंडियन जमातीतील अखेरचा वारस मानला गेलेला ईशी (मृत्यू १९१६) याच्याकडून सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाने धनुष्याची शिकार शिकून घेतली व १९२३ मध्ये निरनिराळ्या देशांच्या धनुष्यांची तुलनात्मक परीक्षा प्रसिद्ध केली. ईशीचे बळ धनुष्याच्या ताणात नव्हते, जनावराच्या जवळ जाण्यात होते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शिकाऱ्यांनी वनवासींच्या धनुष्याला अल्प पल्ल्यावरून कमी लेखले, ते या दृष्टीने अन्यायाचे आहे. त्यांची तुलना रायफलीशी होती.

ऱ्हास : तोड्याच्या बंदुकीचा प्रसार हे धनुष्य मागे पडण्याचे एक कारण, पण एकमेव नव्हे. १८७८ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्रे’ या संज्ञेत धनुष्यबाणांचा समावेश होता, आणि त्याच वर्षीच्या वन अधिनियमाने राखीव वनांतील शिकारीवर शासनाचे नियंत्रण आणले. ज्यांचे पोट जंगलावर होते, त्यांची पारध यामुळे चोरटी ठरू लागली, तर परवाना घेऊन वाघ मारणारा पाहुणा सन्मान्य शिकारी राहिला. ही विषमता पुढे जवळजवळ शतकभर टिकली. नागझिरा हे अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक बंधने घातली व १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. धनुष्याने केलेली शिकार या कायद्याखाली बंदुकीच्या शिकारीइतकीच दंडनीय आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प व भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्य ही दोन्ही २०१३ मधील आहेत.

यामुळे वजन व वेग यांचा प्रश्न आता क्रीडा-धनुर्विद्येत उरला असून तेथे त्याचे उत्तर नेमके उलट आले आहे. संयुक्त धनुष्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लक्ष्य ५० मी.वर असते, कागदाला भेदन लागत नाही, आणि धनुष्याचा ताण ६० पौंडांपर्यंतच मर्यादित असतो. म्हणून खेळाडू कार्बन-तंतूंचे हलके बाण घेतात. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत या प्रकाराची पुरुष व महिला ही दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके महाराष्ट्राच्या खेळाडूंनी, नागपूरचे ओजस देवतळे व साताऱ्याच्या आदिती स्वामी यांनी, मिळविली.