आठशे मीटरची बत्तीस वर्षं



२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष खेळाडूंच्या जागा पहिल्यांदाच सारख्या ठेवल्या होत्या. त्याच पॅरिसमध्ये १९०० साली ९९७ खेळाडूंत स्त्रिया होत्या फक्त २२. शंभरात जेमतेम दोन! त्याआधी १८९६ ला तर एकही नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक दिसली की मधल्या नोंदी बघितल्याशिवाय राहवत नाही. आणि मधे एका ठिकाणी चक्क खाडाखोड आहे.

ऑलिंपिक नव्याने सुरू करणाऱ्या कुबर्तँ यांना बायकांनी मैदानात उतरणं पसंत नव्हतं. म्हणून फ्रान्सच्या अ‍ॅलिस मिलिया या बाईंनी १९२२ साली पॅरिसमध्ये बायकांच्या वेगळ्या स्पर्धा भरवल्या. त्या रेट्यामुळे १९२८ ला ॲम्स्टरडॅममध्ये धावणं, उड्या वगैरे पाच प्रकार बायकांना मिळाले. त्यात एक होती आठशे मीटरची शर्यत.

अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रम करून जिंकली. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर आडव्या झाल्या, जसे पुरुषही होतात. पण एका अमेरिकन वार्ताहराने लिहिलं की अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी मधेच सोडून दिलं! आकडासुद्धा धड नाही. तरी बायकांना हे झेपत नाही असं ठरवून ती शर्यत काढून टाकली, ती परत आली १९६० ला, रोममध्ये. तोवर ऑलिंपिकमध्ये बायकांनी दोनशे मीटरच्या पुढे धावायचंच नाही.

आता १९०८ चं लंडन बघा. इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी पुन्हा पुन्हा कोसळला, त्याला हात धरून रेषेपलीकडे नेलं. तो बाद झाला, पण राणीने त्याला खास कप दिला. पुरुषांची मॅरेथॉन बंद करा, असं झालं नाही.

आपल्याला याचं जास्तच नवल वाटावं. शिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची, डोंगर चढून उतरायची. आपल्या आज्या-आत्या पहाटेच्या अंधारात अनवाणी निघायच्या, कितीतरी जणी पाण्याचा घोटही न घेता. झेपेल का, असं कुठल्या डॉक्टरला विचारलं होतं? पण तीच बाई शर्यतीत धावते म्हणाली की तिचं शरीर नाजूक!

स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ ला, लॉस एंजेलिसला. तिथे स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन उन्हाने अर्धमेली होऊन लडखडत स्टेडियममध्ये शिरली, तरी डॉक्टरांनी तिला अडवलं नाही. तिने शर्यत पुरी केली. या वेळी शर्यतीवर बंदी आली नाही.

त्याच स्पर्धेत आपल्या पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, ते अजून सगळ्यांना आठवतं. पण तिची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत पुरुषांसाठी १९०० पासून होती आणि बायकांसाठी त्याच वर्षी सुरू झाली होती, हे कितीजणींना ठाऊक आहे? आपल्या साताऱ्याची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. ती शर्यत बायकांना मिळाली २००८ ला. पुरुष १९२० पासून धावत होते.