सार्वमताचं आश्वासन आणि ब्रेक्झिट : ब्रिटनच्या लोकांचा नेत्यांच्या शब्दावरचा विश्वास का उडाला? वाचा सविस्तर

'आम्हाला निवडून द्या, युरोपचा निर्णय तुम्हाला विचारूनच घेऊ.' हे आश्वासन ब्रिटनच्या मतदारांनी वर्षानुवर्षं ऐकलं. मजूर पक्षानं दिलं, हुजूर पक्षानं दिलं, लिबरल डेमोक्रॅट पक्षानंही दिलं. शेवटी २०१६ मध्ये सार्वमत झालं खरं, पण तोवर नेत्यांच्या शब्दावरचा अनेकांचा भरवसा उडाला होता. हे कसं घडलं, ते क्रमानं पाहू.

सार्वमत म्हणजे काय?

निवडणुकीत आपण उमेदवार निवडतो. सार्वमतात एकाच प्रश्नावर थेट मत द्यायचं असतं. ग्रामसभेत हात वर करून ठराव होतो तसंच काहीसं, फक्त इथं सगळा देश मत देतो. ब्रिटनमध्ये मेख अशी की सार्वमत घ्यायचं की नाही, हे संसद ठरवते. म्हणजे लोकांना विचारायचं की नाही, हे पुन्हा नेत्यांच्याच हातात.

पहिला शब्द पाळला

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय समुदायात सामील झाला, तेव्हा सार्वमत घेतलं नव्हतं. पुढे हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षानं 'लोकांना विचारू' असं सांगितलं आणि ५ जून १९७५ रोजी विचारलंही. सुमारे ६७ टक्के लोकांनी 'राहू' असा कौल दिला. त्यानंतर समुदायाचा युरोपीय महासंघ झाला, अधिकार वाढत गेले, पण पुन्हा कुणी विचारलं नाही.

मग शब्द फिरले

२००४ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी युरोपच्या नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्याचं जाहीर केलं. २००५ च्या जाहीरनाम्यातही ते आलं. पण त्याच वर्षी फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी ही घटना फेटाळली. त्यातल्या बऱ्याच तरतुदी मग 'लिस्बन करार' या नावानं परत आल्या. ब्रिटन सरकार म्हणालं, ही राज्यघटना नाही, त्यामुळे सार्वमताची गरज नाही. गॉर्डन ब्राऊन पंतप्रधान असताना २००८ मध्ये संसदेनंच करार मंजूर केला.

विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनी सप्टेंबर २००७ मध्ये एका वर्तमानपत्रात लेख लिहून सार्वमताची ठाम हमी दिली होती. आपल्याकडे काळ्या दगडावरची रेघ म्हणतात, तशी. पण ४ नोव्हेंबर २००९ रोजी त्यांनी सांगितलं की सगळ्या देशांनी करारावर सह्या केल्या, तो आता कायदा होणार, म्हणून सार्वमत नाही. कायद्याच्या बाजूनं त्यात तथ्य होतं. पण सामान्य माणसाच्या लक्षात एवढंच राहिलं : हमी दिली होती, ती पाळली नाही.

२०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षानं 'राहायचं की बाहेर पडायचं' यावर सार्वमताचं आश्वासन दिलं. त्यालाही अट होतीच : युरोपशी नात्यात पुढचा मोठा बदल होईल तेव्हा.

दबाव वाढला

एक लाखाहून जास्त सह्यांच्या मागणीनंतर २४ ऑक्टोबर २०११ रोजी संसदेत सार्वमताच्या ठरावावर मतदान झालं. ठराव ४८३ विरुद्ध १११ मतांनी पडला. तरी हुजूर पक्षाच्या ८१ खासदारांनी पक्षाचा आदेश मोडून बाजूनं मत दिलं. अखेर २३ जानेवारी २०१३ रोजी पंतप्रधान कॅमेरून यांनी जाहीर केलं : पुढची निवडणूक जिंकलो तर २०१७ संपायच्या आत सार्वमत घेऊ. २०१५ मध्ये ते जिंकले आणि या वेळी शब्द पाळावाच लागला.

प्रचारात दोन्ही बाजू उघड्या पडल्या

बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी बसवर लिहिलं की ब्रिटन दर आठवड्याला युरोपला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ. ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता काढलेला हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं प्रचार सुरू असतानाच सांगितलं होतं.

राहा म्हणणाऱ्यांनीही भीती दाखवण्यात कसर सोडली नाही. बाहेर पडायचा कौल दिला तर लगेच मंदी येईल, असं अर्थखात्यानं सांगितलं. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी करवाढ आणि खर्चकपातीच्या तातडीच्या बजेटचा इशारा दिला. त्या वर्षी मंदीही आली नाही आणि तसं बजेटही नाही.

२३ जून २०१६ रोजी मतदान झालं. ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर' म्हटलं, ४८.१ टक्के लोकांनी 'राहू'. निकाल काहीही लागला तरी पंतप्रधानपदी राहीन, असं कॅमेरून म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली.

निकालानंतरही संशय गेला नाही

सरकारनं घरोघरी पत्रक पाठवून 'तुम्ही ठराल ते अमलात आणू' असं लिहून दिलं होतं. कायद्यानं मात्र सार्वमत फक्त सल्ल्यासारखं होतं. २९ मार्च २०१९ ही ठरलेली तारीख पुढे ढकलली गेली. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेनं तीनदा फेटाळला. 'बाहेर' म्हणणाऱ्यांना वाटलं, आपलं मत गुंडाळून ठेवतायत. 'राहू' म्हणणाऱ्यांना वाटलं, खोट्या आकड्यांवर देश बाहेर चाललाय. शेवटी ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला.

आपल्या माणसांशी संबंध काय?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना, राष्ट्रकुलातले म्हणून, या सार्वमतात मत देता आलं. पण पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन तिथं गेलेल्या गोंयकारांना मत नव्हतं, कारण ते पोर्तुगीज नागरिक ठरत होते. त्यांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मात्र याच निकालावर अवलंबून होता.

खुद्द गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी असाच कौल झाला होता : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? सत्तेवरचं सरकार विलीनीकरणाच्या बाजूचं, मग मतदान निष्पक्ष कसं होणार, अशी शंका आधीच निघाली. म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारनं राजीनामा दिला आणि मग मतदान झालं. कौल वेगळं राहण्याच्या बाजूनं लागला आणि तो पाळला गेला.

आश्वासन ऐकताना एवढं विचारा

'लोकांना विचारून ठरवू' असं कुणी म्हटलं, तर तीन गोष्टी विचारून घ्या. कधी विचारणार, तारीख सांगा. कोणती अट आहे, ज्यामुळे शब्द मागे घेता येईल? आणि लोकांनी दिलेला कौल पाळणं बंधनकारक आहे की नुसता सल्ला? ब्रिटनच्या लोकांना या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेळेवर मिळाली नाहीत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.